घाई असल्यास सराफ्यात जावे

आमचे घरमालक दातांचे डॉक्टर होते, आणि दात काढायला ते सहसा तयार होत नसत.

नेपियर टाउनमधल्या त्यांच्या बंगल्यात पुढे दवाखाना होता, मधल्या खोल्यांत ते एकटे राहत, आणि मागच्या अंगणाला लागून असलेल्या दोन खोल्या माझ्या आईने भाड्याने घेतल्या होत्या. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. वडिलांच्या नोकरीपायी जबलपूरला आलो, वडील गेले, आणि मला मुलींच्या शाळेत काम मिळालं म्हणून इथेच राहिलो. मध्यप्रांत-वऱ्हाडचे दिवस ते. दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती.

फाटकावर डॉक्टरांची पाटी होती. वर नाव, मग कलकत्त्याची पदवी, आणि त्याखाली मराठीत आणि हिंदीत एक ओळ: ‘घाई असल्यास सराफ्यात जावे.’ सराफा बाजाराच्या तोंडाशी एका सोनाराच्या पायरीवर दात उपटणारा बसायचा. समोर चादरीवर उपटलेल्या दातांचा ढीग. तुम्ही बोटाने दाखवलं की तो दात, आणि कधी कधी शेजारचाही, पुढच्या क्षणी चादरीवर. ज्यांना हे चालत होतं त्यांनी आपला वेळ घेऊ नये, असं डॉक्टरांचं सरळ म्हणणं होतं.

दवाखान्यात त्यांच्या मदतीला मिश्राजी होते. हे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. त्यांचं मुख्य काम रोग्याचं डोकं धरणं. रोगी खुर्चीत बसला की ते मागे उभे राहून दोन्ही पंजे त्याच्या कानांवर ठेवायचे आणि विचारायचे, “सिग्नल है क्या, डॉक्टर साहब?” दहापैकी नऊ वेळा उत्तर ‘नाही’ असायचं. मग रोग्याला लवंगेचं तेल, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि आठ दिवसांनी पुन्हा यायचं फर्मान मिळे. दुपारी एक ते तीन त्याच खुर्चीत डॉक्टर स्वतः झोपत, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन. त्या वेळात कोणी आलंच तर मिश्राजी त्याला व्हरांड्यात बसवून हलक्या आवाजात सांगत की साहेब एका अवघड केसवर विचार करत आहेत.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. तोंडं मात्र कायमची लक्षात राहत. एकदा मी आणि आई त्यांच्याबरोबर एका लग्नाला गेलो होतो. वरपिता हात जोडून समोर आले. डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिले. ते गृहस्थ हसले तशी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर ओळख उजळली, आणि ते म्हणाले, “वरची उजवी, दुसरी दाढ. कशी आहे?” पंगतीत ते मुद्दाम आपल्या जुन्या रोग्यांच्या समोर पाट मागून घेत आणि स्वतः न जेवता समोरचा कोणत्या बाजूने चावतो हे बघत बसत. लोक अवघडून श्रीखंडच खात राहायचे.

त्यांच्याकडे एक सायकल होती. तिच्यावर मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नाही. हँडलला औजारांची पिशवी अडकवून ते तिच्या शेजारून चालत जायचे. तरुणपणी सायकलवरून पडून त्यांच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता. तेव्हापासून चाकावर बसणं बंद. पिशवीला दात नसल्यामुळे तिने बसायला हरकत नव्हती.

आणि अक्कलदाढ हा त्यांचा खास विषय. कोणी कौतुकाने सांगितलं की मुलाला अक्कलदाढ येतेय, तर ते म्हणत, “अभिनंदन नंतर करू. आधी जागा आहे का ते बघू. हा उशिरा येणारा पाहुणा आहे. घरात खाट असली तर त्याच्यासारखा पाहुणा नाही. नसली तर तो शेजाऱ्याच्या अंगावर झोपते.” अक्कलदाढेचा अकलेशी संबंध असतो का, असं आईने एकदा विचारलं. डॉक्टरांनी गंभीरपणे तोंड उघडून दाखवलं. “माझ्या चारही शाबूत आहेत, वहिनी. तुम्हीच ठरवा.”

माझी अक्कलदाढ त्या वर्षीच्या दिवाळीत दुखायला लागली. खालची, डावी. चिवडा चावताना कळ गेली ती कानापर्यंत. आई म्हणाली, चोविसाव्या वर्षी का होईना, अक्कल येऊन राहिली हे चांगलं झालं. अंगण ओलांडून मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी वीस मिनिटं तोंडात आरसा धरून पाहिलं, हिरडी दाबली, शेजारच्या दाढेवर टिचकी मारली, आणि म्हणाले, “राहू दे.”

पाच दिवसांत दुखणं थांबलं. ते खूश, मी खूश.

संक्रांतीच्या सुमाराला ते परत आलं, आणि या वेळी जबडाच उघडेना. डॉक्टर रोज सकाळी फुटपट्टी घेऊन अंगणात येत आणि माझ्या वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मोजत. पहिल्या दिवशी जेमतेम एक बोट होतं. आईने भात पातळ करून दिला. शाळेत मी ओठ न उघडता इतिहास शिकवला, आणि मुलींनी त्याची नक्कल इतकी हुबेहूब केली की मला रागवताही आलं नाही, कारण रागवायला तोंड उघडावं लागतं. काढून टाका, असं मी खुणेने सांगितलं. डॉक्टर म्हणाले की सूज असताना तिथे हात घालणं म्हणजे विषाला वाट करून देणं आहे. आधी सूज उतरू दे, मग बोलू.

सूज उतरली. पण बोलणं मात्र होईना. मी विषय काढला की ते मिश्राजींना हाक मारत.

माझी अडचण अशी होती की मार्चमध्ये नागपूरला माझी बी.ए.ची परीक्षा होती. बाहेरून बसणार होते. आदल्या वर्षी बसायचं होतं, पण आईच्या आजारपणात राहून गेलं. बी.ए. झाले तर शाळेत कायमची नेमणूक. नाही झाले तर जूनपासून माझ्या जागी दुसरी पदवीधर बाई येणार, हे मुख्याध्यापिकेने गोड शब्दांत पण स्पष्ट सांगितलं होतं. घरात मिळवती मी एकटी. परीक्षेच्या आठवड्यात जबडा बसला तर काय, या विचाराने अभ्यासात लक्ष लागेना. त्यात शाळेत मुली तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड उभ्या-उभ्या पाहिलं आणि सांगितलं की चारही दाढा एकदम काढून टाका, म्हणजे जन्माची कटकट गेली. आई म्हणाली, एकही काढायची नाही. कुणाच्या तरी मुलीची हनुवटी दाढ काढल्यावर वाकडी झाली होती, आणि माझं लग्न व्हायचं होतं.

म्हणजे एकीचं म्हणणं चार, दुसरीचं एकही नाही, आणि ज्यांना कळत होतं ते काहीच बोलत नव्हते.

एका रविवारी सकाळी मी दवाखान्यात गेले आणि सरळ खुर्चीत जाऊन बसले. म्हटलं, “डॉक्टरकाका, हो किंवा नाही, एक काहीतरी सांगा. नाहीतर मी सराफ्यात जाते.”

मिश्राजींनी सवयीने माझ्या कानांवर पंजे ठेवले होते. डॉक्टरांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं. मग हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि स्टूल ओढून समोर बसले.

“काहून घाई करून राहिली, ते मला माहीत आहे,” ते म्हणाले. “मी काहून नाही करत, ते ऐक.”

त्यांनी मला दोन माणसांची गोष्ट सांगितली. पहिले एक वकील. डॉक्टर नुकतेच कलकत्त्याहून आले होते आणि हात शिवशिवत होते. वकिलांची खालची अक्कलदाढ आडवी होती, पण दुखत नव्हती. पुढे त्रास देईल म्हणून डॉक्टरांनी ती काढली. दाढेच्या मुळाशी ओठाची नस असते. ती दुखावली. वकिलांचा खालचा ओठ अर्धा बधिर झाला तो कायमचा. चहा पिताना ओघळलेला त्यांना कळत नसे. पुढे ते कोर्टात उभं राहताना हातात रुमाल धरायला लागले, आणि मग हळूहळू उभं राहणंच कमी केलं. ते डॉक्टरांना कधी एका शब्दाने बोलले नाहीत. रस्त्यात भेटले तर नमस्कार करत, रुमाल धरलेल्या हाताने.

दुसरा एक मास्तर, सव्वीस वर्षांचा. वकिलांच्या प्रकारानंतर डॉक्टर सावध झाले होते. मास्तरची दाढ दोनदा सुजली, दोनदा उतरली. मधल्या काळात काढता आली असती. डॉक्टर म्हणाले, राहू दे. तिसऱ्यांदा सूज आली ती खाली गळ्यात उतरली. चौथ्या दिवशी तो गेला.

“त्याच्या बायकोकडे मी दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन जातो,” डॉक्टर म्हणाले. “ती दार उघडते. न उघडती तर मी काय केलं असतं?”

बाहेर व्हरांड्यात मिश्राजी कोणाला तरी अवघड केसबद्दल सांगत होते. या वेळी ते खोटं नव्हतं.

“लोकांना वाटते, डॉक्टरला नियम माहीत असतो. काढायची की ठेवायची. नियम असता तर मी रोज दोन तास जास्त झोपलो असतो. काढली तरी चूक होऊ शकते, ठेवली तरी होऊ शकते. तोंड बघून एवढंच सांगता येते की कोणती चूक किती जवळ आहे. तुझी दाढ तिरपी आहे. दोनदा सुजली, तिसऱ्यांदा सुजेल. नसही फार लांब नाही. हे मी सांगितलं. आता तू मला एक सांग, यातली कोणती चूक तुला सोसेल?”

असा प्रश्न मला तोवर कोणी विचारला नव्हता. आमच्यात मुलींना काय आवडेल हे क्वचित विचारत, काय सोसेल हे तर कधीच नाही. ते गृहीतच धरलेलं असे. मी म्हटलं की ओठ बधिर झाला तर मी तसाच घेऊन शिकवीन, मुलींना नकला करायला आणखी एक विषय मिळेल. पण परीक्षा गेली तर आईला घेऊन कुठे जायचं ते मला माहीत नाही.

“आणि बाकीच्या तीन?”

“त्यांनी काय बिघडवलं आहे माझं?”

डॉक्टर उठले आणि त्यांनी पहिल्यांदाच माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले की त्यांचंही मत हेच होतं, पण ते माझ्या तोंडून येणं जरूर होतं, कारण दाढ त्या तोंडातली आहे. आईची समजूत घालायला ते स्वतः आमच्या खोलीत आले. अर्धा तास ते बोलत होते आणि आई तांदूळ निवडत होती. शेवटी आई एवढंच म्हणाली की हनुवटीला काही झालं तर मुलगी आयुष्यभर तुमच्याच घरात भाड्याने राहील. डॉक्टर म्हणाले, कबूल.

मंगळवारी सकाळी नऊला, पूर्वेच्या खिडकीतून ऊन थेट खुर्चीवर येतं त्या वेळी, त्यांनी ती दाढ काढायला घेतली. एरवी रोगी खुर्चीत असला की ते पेरूच्या कलमांपासून म्युनिसिपालटीच्या नळापर्यंत अखंड बोलत. त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत. बधिर करायचं इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे दुखलं नाही. पण कवटीच्या आत कोणी सुतारकाम करत असल्याचा आवाज येत होता. मिश्राजींचे पंजे घामाने ओले झाले होते. तासाभराने दाढ निघाली, दोन तुकड्यांत. डॉक्टरांनी ते तुकडे खिडकीशी नेऊन जुळवून पाहिले, मूळ पुरं आहे याची खात्री केली, आणि मग बोलायला लागले ते जेवणाच्या वेळेपर्यंत थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कापसाचा धागा घेऊन अंगणात आले. मला डोळे मिटायला सांगितले आणि ओठावरून धागा फिरवला. उजवीकडे कळलं. डावीकडे काही कळलं नाही.

त्यांनी तीनदा फिरवला. मी डोळे उघडले तेव्हा ते धागा बोटाला गुंडाळत होते. “दोन-तीन दिवसांत येते कधी कधी,” ते म्हणाले आणि गेले.

दोन-तीन दिवसांत आलं नाही. आठवड्यातही नाही. रोज सकाळी ते येत, मी डोळे मिटत असे, आणि रोज नकारार्थी मान हलवत असे. आईने त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्यांच्याकडे आमच्याकडून रोज भाजीची वाटी जायची ती जातच राहिली, पण मिश्राजींच्या हाती. जबडा मात्र पुरा उघडत होता, सूज नव्हती, आणि मी पहाटे उठून मोठ्याने वाचू शकत होते. मी त्यांना म्हटलंही की काका, अभ्यास झकास चालला आहे, मी हे मोजूनमापून घेतलं होतं. त्यावर ते म्हणाले, “तू मोजलं होतं. मी नव्हतं मोजलं.” त्या महिन्यात त्यांनी एकही दात काढला नाही. सराफ्यातल्या माणसाचा धंदा चांगला झाला असावा.

मार्चमध्ये मी आणि आई नागपूरला निघालो. इटारसीला गाडी बदलायची होती. फलाटावर मी चहा घेतला. डावा ओठ कळत नसल्याने मी कप नेहमी उजवीकडून लावत असे, पण गर्दीत कोणाचा तरी धक्का बसला आणि उकळता चहा डावीकडे लागला. मी ओरडले. आईने कप काढून घेतला. मी ओठाला बोट लावून पाहिलं. आग होत होती. मग माझ्या लक्षात आलं की आग होते आहे.

गाडी सुटायला वीस मिनिटं होती. मी धावत तारघरात गेले आणि डॉक्टरांना तार केली: ‘ओठ भाजला.’ खिडकीमागच्या बाबूने विचारलं की एवढंच का. मी म्हटलं, एवढंच.

परत आल्यावर मिश्राजींनी पुढचं सांगितलं. तार आली तेव्हा खुर्चीत एक व्यापारी होता. डॉक्टरांनी तार वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मग त्या व्यापाऱ्याला तसाच आ वासलेला सोडून बाहेर गेले आणि खोव्याच्या जिलब्यांची मोठी पुडी घेऊन आले. व्हरांड्यात बसलेल्या एकूण एक रोग्याला त्यांनी जिलबी खायला लावली. त्यातल्या निम्म्यांचे दात किडलेले होते. “मैं तो समझा, साहब का दिमाग सटक गया,” मिश्राजी म्हणाले. “फिर मैंने भी चार खा लीं.”

आईने त्या दिवशी वांग्याची भाजी केली आणि वाटी स्वतः घेऊन गेली.

मी पास झाले, नेमणूक मिळाली, दोन वर्षांनी लग्न झालं आणि नागपूरला गेले. हनुवटी सरळ होती. आई माझ्याबरोबर आली. डॉक्टरांची पत्रं येत. त्यात पेरू, नळ, मिश्राजींचा दमा, आणि शेवटी ‘बाकीच्या तिघी कशा आहेत?’

लढाई संपल्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांतली एक बिघडली. उजवी, खालची. नागपूरचे दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगत होते. मी डॉक्टरकाकांना लिहिलं. उलट टपाली कार्ड आलं: ‘तोंड बघितल्याशिवाय सांगता येत नाही. ये.’

मी गेले. ते फार वाळले होते. मिश्राजी आदल्या वर्षी वारले होते, आणि दवाखाना दिवसातून दोनच तास उघडत असे. त्यांनी माझं तोंड पाहिलं तेव्हा आरसा दातांवर टकटक वाजत होता. त्यांचा हात थरथरत होता. त्यांनी आरसा खाली ठेवला.

“काढायला पाहिजे,” ते म्हणाले. “पण माझ्याकडून नाही.”

लाहोरहून शिकून आलेल्या एका तरुण डॉक्टरने जवळच नवा दवाखाना उघडला होता. टांग्यातून आम्ही तिकडे गेलो. त्या मुलाने डॉक्टरांना वाकून नमस्कार केला आणि बसायला खुर्ची दिली. ते बसले नाहीत. माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात माझ्या कानांवर ठेवले. ते हात थरथरत होते, तरी डोकं घट्ट धरून होते. पाऊण तास लागला. मधे एकदा त्या मुलाने थांबून त्यांच्याकडे पाहिलं. त्याने औजार बदललं आणि पुन्हा सुरुवात केली. दाढ अखंड निघाली.

परतताना टांग्यात माझ्या तोंडात कापूस होता. फाटक दिसायला लागलं तेव्हा ते म्हणाले, “दुसऱ्याला अक्कलदाढ काढताना मी कॉलेज सोडल्यापासून आज पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की मीच भितो.”

टांगा थांबला. ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन सावकाश उतरले.

“त्या पोराला घाम फुटला होता,” ते म्हणाले. “चांगला डॉक्टर होईल.”